सायरनचे गाणे आणि आपल्या आसरा



माझे वास्तव्य माळव्यात, देवास जिल्ह्यातील पीपलरावां या गावी आहे. काळ्या मातीचा, गहू-हरभऱ्याचा आणि सोयाबीनचा हा मुलूख. समुद्र येथून शेकडो मैल दूर. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांनी तो केवळ चित्रात पाहिलेला आहे. अशा ठिकाणी ग्रीक पुराणांतील समुद्रवासिनींची गोष्ट सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. ते प्रयोजन माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नातून निर्माण झाले.

एका मोकळ्या तासाला मी मुलांना ओडिसिअस राजाच्या समुद्रप्रवासाची कथा सांगत होतो. सायरन नावाच्या गाणाऱ्या मायाविनींच्या बेटाजवळून त्याचे गलबत जाते, त्यांचे गाणे कानी पडू नये म्हणून तो सोबत्यांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, हा प्रसंग मी सांगितला. कथा संपली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, सगळ्यांच्या कानांत मेण घातले, तर त्याने स्वतःच्याच कानांत का नाही घातले?"

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. "उद्या सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या रात्री ती कथा पुन्हा वाचताना मला जे सुचले, आणि त्याबरोबर माझ्या बालपणातील जी एक गोष्ट आठवली, ती आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. होमरच्या नावाने ओळखले जाणारे 'ओडिसी' हे महाकाव्य साधारणपणे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील मानले जाते. त्याच्या बाराव्या सर्गात हा प्रसंग येतो. ट्रॉयचे युद्ध आटोपून ओडिसिअस आपल्या इथाका बेटाकडे परत निघालेला असतो. सर्सी ही जादूगारीण त्याला पुढच्या वाटेवरील संकटांची आगाऊ कल्पना देते. त्यांतले पहिले संकट सायरनांचे. त्या एका हिरव्या कुरणात बसून गात असतात. त्यांच्या भोवती सडलेल्या माणसांच्या हाडांचा ढीग पडलेला असतो. जो त्यांचे गाणे ऐकतो त्याच्या स्वागताला त्याची बायकामुले पुन्हा कधी उंबऱ्यावर येत नाहीत, असे सर्सी बजावते.

या सायरन दिसायला कशा होत्या? ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे की, होमर त्यांच्या रूपाविषयी अवाक्षरही काढीत नाही. तो केवळ त्यांच्या आवाजाविषयी सांगतो. पुढच्या काळातील ग्रीक चित्रकारांनी त्यांना पक्ष्याचे शरीर आणि स्त्रीचे मस्तक दिले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील एक रंगविलेले भांडे आहे. त्यावर डोलकाठीला बांधलेला ओडिसिअस, वल्ही मारणारे सोबती आणि कड्यावरून खाली झेपावणारी पक्षिदेही सायरन स्पष्ट दिसते. माशाचे शेपूट त्यांना चिकटले ते फार नंतर, मध्ययुगाच्या आरंभी. आज युरोपातील कित्येक भाषांत सायरन म्हणजे मत्स्यकन्या असाच अर्थ झाला आहे. लोकांनी पक्ष्याची मासोळी केली, परंतु गाण्याची मोहिनी मात्र कोणी काढून घेतली नाही.

आता त्या गाण्यात काय होते ते पाहा. आपली अशी समजूत असते की, मायाविनी म्हटली की रूपाचा आणि विलासाचा मोह आलाच. होमरच्या सायरन त्यातले काहीच देऊ करीत नाहीत. त्या ओडिसिअसला नाव घेऊन हाक मारतात. त्याचा गौरव करतात. ट्रॉयच्या रणांगणावर दोन्ही बाजूंनी जे जे सोसले ते सारे आम्हांला ठाऊक आहे, पृथ्वीवर जे जे घडते तेही आम्ही जाणतो, आमचे गाणे ऐकून माणूस तृप्त आणि अधिक शहाणा होऊन घरी जातो, असे त्या सांगतात. दहा वर्षे लढून थकलेल्या वीराला त्याचीच कहाणी ऐकविण्याचे हे आमिष! स्वतःविषयी गोड ऐकण्याची आणि सर्व काही जाणण्याची, अशा दोन भुका त्या एकाच वेळी चेतवतात. कुरणातील हाडांचा मात्र त्या गाण्यात उल्लेख नसतो.

ओडिसिअस यावर काय करतो? मेण मळण्याआधी, दोर मागण्याआधी तो एक काम करतो, आणि कथा सांगताना आपण नेमके तेच विसरतो. तो सर्व सोबत्यांना जवळ बोलावतो आणि म्हणतो की, सर्सीने जे सांगितले ते एकट्या-दुकट्याला ठाऊक असणे बरोबर नाही, ते तुम्हां सर्वांना कळले पाहिजे. मगच तो मेणाचा गोळा कापून उन्हात मळतो, एकेकाच्या कानात भरतो आणि स्वतःला बांधून घेतो. "मी सोडा म्हणालो तर अधिक घट्ट बांधा," असे तो आधीच सांगून ठेवतो. गाणे सुरू होताच त्याचे मन खरोखरच पालटते. तो भुवयांनी खुणावून सुटका मागतो, तेव्हा दोघे सोबती उठून त्याला आणखी दोर बांधतात. बेट मागे पडते आणि सारे वाचतात.

याच सर्गात पुढे सिला आणि कॅरिब्डिस यांची कथा आहे. एका बाजूला दिवसातून तीनदा समुद्र गिळणारी व तीनदा ओकणारी कॅरिब्डिस, दुसऱ्या बाजूला कड्यातल्या गुहेत बारा पाय आणि सहा लांब माना असलेली सिला. इटली आणि सिसिली यांच्यामधील मेसिनाच्या सामुद्रधुनीत हे स्थान असल्याचे प्राचीन लोक मानीत. तेथे आजही भोवरे होतात आणि जवळच्या गावाचे नाव सिला असेच आहे. या वेळी मात्र ओडिसिअस सोबत्यांना काही सांगत नाही. भीतीने ते वल्ही टाकून देतील, असे त्याला वाटते. सिलावर इलाज नाही असे सर्सीने सांगितलेच होते, म्हणून त्याला दोष देणे कठीण आहे. तरीही सिला सहा जणांना उचलून नेते, आणि आपल्या डोक्यावर काय आहे हे त्या सहा जणांना अखेरपर्यंत ठाऊक नसते. आपल्या सगळ्या प्रवासात यापेक्षा करुण दृश्य मी पाहिले नाही, असे तो स्वतः पुढे कबूल करतो.

ही झाली ग्रीकांची गोष्ट. आपल्याकडे असे काही नाही काय? आहे, आणि ते महाराष्ट्राच्या डोंगरात भिंतीवर रंगविलेले आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा चितारली आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. सिंहल आपल्या साथीदारांसह समुद्रपार व्यापाराला निघतो. गलबत फुटते आणि ते एका बेटाला लागतात. तेथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, त्यांच्याशी संसार मांडतात. प्रत्यक्षात त्या नरभक्षक राक्षसिणी असतात. सिंहलाला हे कळते तेव्हा एक दिव्य अश्व त्यांना पाठीवर घेऊन समुद्र ओलांडण्यास सिद्ध होतो. अट एकच असते, ती म्हणजे मागे वळून पाहायचे नाही. राक्षसिणी मुले कडेवर घेऊन रडत पाठीमागे येतात, साथीदार वळून पाहतात आणि खाली पडतात. एकटा सिंहल घरी पोहोचतो.

परंतु कथा येथे संपत नाही. एक राक्षसीण त्याच्या मागोमाग नगरात येते आणि "हा माझा नवरा, याने मला टाकले" अशी तक्रार राजाकडे करते. सिंहल राजाला ती कोण आहे हे स्पष्ट सांगतो. राजा तिच्या रूपाला भुलून तिला अंतःपुरात ठेवतो. एका रात्री ती आपल्या सख्यांना घेऊन येते आणि राजासह सारा वाडा फस्त करते. पुढे प्रजा सिंहलाला राजा करते, तो सैन्य घेऊन त्या बेटावर जातो, आणि त्याच्याच नावावरून त्याला सिंहल हे नाव पडते. भिंतीवर हत्तीघोड्यांसह उतरणारे ते सैन्य आजही पाहायला मिळते. समुद्रापासून इतक्या दूर, वाघूर नदीच्या खोऱ्यात बसून त्या चित्रकारांनी हे सागरी संकट रंगविले, कारण लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी असत आणि या मार्गावरून त्यांचे तांडे पश्चिमेच्या बंदरांकडे जात. गलबतावर जाणाऱ्या माणसाची धास्ती त्या भिंतीवर उतरली आहे.

समुद्र सोडून आपण गावात आलो, तर तेथेही आपल्या सायरन आहेत. त्यांचे नाव साती आसरा. महाराष्ट्रात नदीच्या डोहाशी, तळ्याच्या काठी, विहिरीच्या तोंडाशी शेंदूर फासलेले सात दगड आपण पाहिले असतील. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दापासून आला, आणि अप्सरा म्हणजे पाण्यात संचार करणारी. शतपथ ब्राह्मणात उर्वशी आणि पुरूरवा यांची कथा आहे, तीत तळ्यामध्ये अप्सरा पाणपक्ष्यांच्या रूपाने पोहत असतात. पक्षिदेही सायरन आणि पक्षिरूप अप्सरा यांचे नाते लावण्याचे धाडस मी करीत नाही. एवढेच म्हणतो की, पाण्याकाठी राहणाऱ्या माणसाला सौंदर्य आणि मृत्यू एकाच ठिकाणी दिसले, आणि त्याने त्याला स्त्रीचे रूप दिले.

आता माझ्या बालपणाची गोष्ट. माझा जन्म आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील एका खेड्यात, ख्रिस्ती कुटुंबात झाला. संध्याकाळी आमच्या घरी जपमाळेची प्रार्थना होई. तरीही भर दुपारी मळ्यातल्या विहिरीवर जायला आजीची सक्त मनाई असे. "आसरा ओढून नेतात," ती म्हणे. धर्म बदलला तरी विहीर तीच होती, आणि तिचे भयही तेच होते. त्या विहिरीला कठडा नव्हता. उन्हाळ्याच्या दुपारी तिचे पाणी हिरवेगार आणि इतके शांत दिसे की, पाहणाऱ्याला आपलाच चेहरा खालून बोलावीत आहे असे वाटावे.

आम्ही दोघे मित्र चोरून तेथे जात असू. एके दिवशी काठावरचा एक दगड माझ्या पायाखाली हलला आणि मी जेमतेम सावरलो. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर दुपारी विहिरीवर गेल्याचे आजीला कळले असते. मित्र त्या वेळी पाठमोरा होता, त्यालाही मी बोललो नाही. आठवडा झाला नाही तोच तो एकटा गेला आणि परत आला नाही.

गावातील बायका म्हणाल्या, आसरांनी नेला. दुसऱ्या दिवशी त्या सात दगडांना नवा शेंदूर लागला, हिरव्या बांगड्या आणि खण वाहिले गेले. विहिरीला कठडा मात्र बांधला गेला नाही. आसरांपुढे कठड्याचे काय चालणार, असे जो तो म्हणे. तो हलता दगडही पुढे कित्येक दिवस तसाच होता. तो हलतो हे जिवंत माणसांत एकट्या मला ठाऊक होते, आणि मी बोलत नव्हतो. अखेर एका रात्री मी आजीजवळ सारे कबूल केले. ती रागावली नाही. बराच वेळ ती गप्प बसली, आणि मग एवढेच म्हणाली, "पोरा, मीच तुला भ्यायला शिकवलं, सांगायला शिकवलं नाही." दुसऱ्या दिवशी तिने माझ्या वडिलांकडून तो दगड काढविला.

आजीचे हे वाक्य मला त्या रात्री ओडिसी वाचताना आठवले. आसरांच्या गोष्टीला मी खोटी म्हणून हसत नाही. तिच्या धाकाने कितीतरी मुले पाण्यापासून दूर राहिली असतील. परंतु नुसत्या भयाचा एक दुर्गुण असतो. ज्याने बंदी मोडली तो आपला अनुभव लपवतो, आणि ज्या ज्ञानाने दुसऱ्याचा जीव वाचला असता ते त्याच्याजवळच कुजत राहते. शिवाय अपघात घडला की दोष देवतेच्या माथी जातो आणि दगड जागच्या जागी राहतो. सर्सीने ओडिसिअसला धाक घातला, पण त्याबरोबर मेण आणि दोर यांचा उपायही दिला. ओडिसिअसने तो स्वतःपुरता न ठेवता सर्वांना सांगितला. सिंहलानेही राजाला सत्य सांगितले, परंतु राजाने स्वतःला बांधून घेतले नाही, म्हणून सारा वाडा बुडाला. धोक्याचे नाव, त्यावरचा उपाय आणि तो सर्वांना सांगण्याचा मोकळेपणा, या तिन्ही गोष्टी असतील तरच इशारा पुरा होतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ओडिसिअसने स्वतःच्या कानांत मेण का घातले नाही? त्याला ऐकण्याची इच्छा होती, आणि त्याने ती सोबत्यांपासून लपविली नाही, हे त्याचे उत्तर. आपण शूर आहोत, आपल्याला काही होणार नाही, असे तो म्हणाला नाही. गाणे सुरू झाल्यावर आपण आपले राहणार नाही, हे त्याने शुद्धीवर असतानाच ओळखले आणि शुद्धीतल्या स्वतःकडून बेशुद्धीतल्या स्वतःला बांधून घेतले. मोहाच्या क्षणी निश्चय करू म्हणणारा बहुधा फसतो. ज्याने आधीच दोर बांधला तो तरतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती आचार्याने या डोलकाठीत क्रूसाचे लाकूड पाहिले. आपल्या श्रोत्यांपैकी कोणी तिच्यात आपले व्रत पाहील, कोणी आईला दिलेला शब्द पाहील. लाकूड कोणतेही असो, ते वादळाआधी उभे केलेले असावे लागते.

आणखी एक उपाय ग्रीकांनीच सांगून ठेवला आहे. आर्गो नावाच्या गलबतातील वीर याच बेटाजवळून गेले, अशी कथा ऱ्होड्सच्या अपोलोनिअसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लिहिली. त्यांच्याजवळ मेण नव्हते, परंतु ऑर्फिअस हा गायक होता. त्याने आपली वीणा इतकी जोरात छेडली की सायरनांचा आवाज तीत बुडून गेला. ब्यूटीस नावाचा एकच जण पाण्यात उडी टाकता झाला, आणि त्यालाही ॲफ्रोडाइटी देवीने वाचविले. आम्हां शिक्षकांना ही कथा पाठ असावी. मुलांचे कान सदासर्वकाळ मेणाने बंद ठेवता येत नाहीत. त्यांना अधिक चांगले गाणे ऐकविणे हेच आमचे खरे काम. विहिरीपाशी जाऊ नको म्हणणे सोपे, पोहायला शिकविणे अवघड. पण तीच ऑर्फिअसची वीणा होय.

आजच्या मुलांच्या हातात जो मोबाइल आहे, त्याकडे पाहताना मला होमरच्या सायरन आठवल्यावाचून राहत नाहीत. तोही प्रत्येकाला नावाने हाक मारतो. तोही म्हणतो की, तुझ्या आवडीचे सारे मला ठाऊक आहे, जगातले सारे मला ठाऊक आहे, थोडा वेळ थांब. ते सारेच खोटे नसते, म्हणून तर ते ओढून घेते. केवळ धाक घालून मुले त्यापासून दूर राहणार नाहीत, ती आमच्यापासून लपवू लागतील. त्यापेक्षा आपलाही पाय त्या दगडावरून घसरला होता, हे वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगावे हे बरे.

जाता जाता एका शब्दाची गंमत सांगतो. 1819 साली कानियार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ध्वनी निर्माण करणारे एक यंत्र सुधारून तयार केले. ते पाण्याखालीही आवाज करी, म्हणून त्याने त्याला सायरन हे नाव दिले. पुढे तेच नाव कारखान्याच्या आणि रुग्णवाहिकेच्या भोंग्याला मिळाले. माणसांना मृत्यूकडे बोलावणाऱ्यांचे नाव आज माणसांना सावध करणाऱ्या आवाजाला लाभले आहे. शब्दाचे जे झाले ते गोष्टीचेही होऊ शकते. भुलविणारी कथा नीट सांगितली, तर तीच सावध करणारी होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाला उत्तर दिले, आणि प्रथमच माझ्या मित्राची गोष्टही सांगितली. तास संपल्यावर तीन मुले माझ्या टेबलाशी आली. गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीची कड ढासळत आहे, असे ती म्हणाली. घरी सांगितले का, असे मी विचारले. तिघांनीही माना खाली घातल्या. त्या संध्याकाळी आम्ही चौघे मिळून तिच्या मालकाकडे गेलो.

गावी जातो तेव्हा मी आमच्याही विहिरीवर जाऊन येतो. आता तिला दगडी कठडा आहे आणि आत एक जाड दोर सोडलेला आहे. शेजारी ते सात दगड अजून आहेत, त्यांना शेंदूरही आहे. ते तेथे असावेत, यात मला काही वावगे वाटत नाही. कठडा मात्र त्या वेळी असायला हवा होता.